झटपटचा डावा हात

त्याला सगळे झटपट म्हणायचे. दोन खुर्च्यांचं केस कापायचं दुकान होतं. दारालगतच्या खुर्चीवर थोरला भाऊ, आतल्या खुर्चीवर हा. थोरला एक डोकं पुरं करीपर्यंत ह्याची दोन डोकी उरकून तिसऱ्याच्या मानेवर पावडर पडलेली असायची, आणि तोंडाचा पट्टा चालू असायचा तो वेगळाच. बाकावरची माणसं थोरल्याची खुर्ची रिकामी असली तरी म्हणायची, "नको, आम्ही झटपटकडेच बसतो." थोरला काही बोलायचा नाही. बोलणं धाकट्याच्या वाट्याचं आहे, असं त्या घरात कधीच ठरून गेलं होतं.

एके सकाळी भिंतीवरचा जुना आरसा उतरवायचा होता. "थांब, ही दाढी झाली की दोघं मिळून उतरवू," असं थोरला सांगत होता. पण थांबेल तर तो झटपट कसला! आरसा मधोमध तडकला आणि खालचा तुकडा ह्याच्या डाव्या तळहातावरून गेला. तर्जनी आणि मधलं बोट मिटवणाऱ्या आतल्या दोऱ्याच तुटल्या. डॉक्टरांनी त्या शिवल्या, हात पट्टीत बांधला आणि वर सांगितलं, "आता घाई करू नका." हे सांगावं तरी कोणाला!

भेटायला येणारा जो तो म्हणायचा, "देवाची कृपा, उजवा वाचला." झटपटच्या तळपायाची आग मस्तकात जायची. अहो, कात्री चालवतो उजवा, पण केस कोण धरतं? डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट. त्या दोन बोटांच्या चिमटीत केसांची बट सरळ, घट्ट धरली, तरच कात्रीला रेघ सापडते. चिमूट ढिली पडली की कापणी म्हणजे उंदरांनी कुरतडल्यासारखी.

पट्टी निघाली तेव्हा ती दोन बोटं मिटेनात. खुंट्यांसारखी ताठ उभी. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रबरी चेंडू दिला आणि प्रत्येक बोट वेगवेगळं हलवायला सांगितलं. दोन दिवस त्याने चेंडू दाबला, तिसऱ्या दिवशी खिडकीतून भिरकावला. "चेंडू दाबून आजवर कोणाचं भलं झालंय? मी काय लहान मूल आहे?"

थोरला रोज संध्याकाळी येऊन बसायचा. एक दिवस म्हणाला, "मी एकटा मरतोय रे तिकडे. पाच महिने कसेबसे काढीन. हात आला, तर खुर्ची तुझी. नाही आला तर दुसरा माणूस बसवावा लागेल. तू गल्ल्यावर बस, दुकान काय, दोघांचंच आहे."

गल्ल्यावर! पंचवीस वर्षं ज्याने उभ्याने काम केलं, त्याने बसून सुट्टे परत द्यायचे आणि आपल्या खुर्चीपाशी दुसऱ्या कोणाची तरी पाठ बघत राहायची. त्याला हुंदकाच आला. तो त्याने खोकल्यात लपवला. बायकोला मात्र खोकला आणि हुंदका वेगळा कळतो. तिने त्याच दिवशी लेकीला फोन लावला.

लेक दुसऱ्या शहरात नोकरीला. शनिवारी आली ती माळ्यावर चढली आणि आपला शाळेतला विजेवरचा पियानो खाली काढून, पुसून टेबलावर मांडला. शेजारी आपला जुना टॅबलेट उभा केला. "बाबा, चेंडू नको ना? मग हे कर. ह्याला ब्लूज म्हणतात. दुःखाचं गाणं असतं, पण रडत बसायचं नाही, ठेका धरून सांगायचं. आणि पहिले सगळे धडे नुसत्या डाव्या हाताचे आहेत."

"मला पियानो येत नाही."

"तुला चेंडूही येत नव्हता."

तिने चाळीस धड्यांचे व्हिडिओ टॅबलेटमध्ये भरून दिले. त्यातले मास्तर परक्या भाषेत बोलायचे, म्हणून ते काय म्हणतात ते आपल्या भाषेत वहीत लिहून ठेवलं. आणि निघताना बजावलं, "हे त्रिकोणाचं बटण दाबायचं. दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. शप्पथ घे." त्याने शप्पथ घेतली.

मास्तर म्हणजे टोपी घातलेला, जाड मिशीचा गृहस्थ. करंगळी, मधलं बोट, तर्जनी, अंगठा, असं एकेका पट्टीवर सरकत जायचं आणि तसंच परत यायचं. मग हात उचलून दुसऱ्या जागी तेच, तिसऱ्या जागी तेच, आणि बारा वेळा चार मोजले की पुन्हा पहिल्यापासून. बस्स! पण ज्या माणसाचं मधलं बोट पट्टीवर टेकतच नव्हतं, त्याला ते बारा आकडे डोंगराएवढे. पहिल्या आठवड्यात त्याने मास्तरांना, पियानोला आणि लेकीला मनसोक्त शिव्या घातल्या. चौथ्या आठवड्यात मधलं बोट टेकलं. त्याने बायकोला स्वयंपाकघरातून ओढत आणून ते दाखवलं. ती म्हणाली, "अहो, डाळ करपतेय," आणि तिथेच उभी राहून डोळे पुसले.

मास्तरांवर त्याचा जीव जडला. "काय शांत माणूस! एक शब्द तोंडाबाहेर यायला केवढा वेळ घेतो. टोपी काढून ठेवतो ती सुद्धा कशी, जणू झोपलेलं बाळ. असा गुरू मला पंचवीस वर्षांपूर्वी भेटला असता तर आरसा फुटलाच नसता." आणि ऐका गंमत, हा पण हळूहळू तसाच बोलायला लागला. एकेक शब्द तोलून मापून. बायकोने घाबरून डॉक्टरांना विचारलं की हातावरच्या औषधाने जीभ जड होते का.

पाचवा महिना सरत आला तेव्हा बत्तिसावा धडा चालू होता, आणि झटपट मास्तरांच्या बरोबरीने वाजवत होता. एक ठोका पुढे नाही, एक मागे नाही. हाच त्याचा हिशोब. ज्याचा हात जन्मभर पियानोवर बसला, त्याच्या हातासोबत माझा हात चालतो, म्हणजे हात आला! त्याने थोरल्याला निरोप धाडला, "रविवारी ये आणि डोळ्यांनी बघ. सोमवारी मी खुर्चीवर."

थोरल्यालाही तेवढंच हवं होतं. पण तो शब्दाचा पक्का आणि स्वभावाने सावध. नव्या कारागिराला त्याने सोमवारी दहाला बोलावून ठेवलं होतं आणि ते धाकट्याला सांगितलंही होतं.

रविवारी दुपारी थोरला चहाचा कप घेऊन खाटेवर बसला. झटपटने त्रिकोण दाबला, मास्तर प्रकटले, आणि दोघांचे डावे हात एकत्र चालू लागले. थोरल्याचं तोंड उघडं ते उघडंच. ती बोटं वाकत होती, एकेक, सुटी सुटी. "अरे वा रे वा!" तो पुटपुटला. मग त्याचं लक्ष मास्तरांच्या चेहऱ्याकडे गेलं.

"हा माणूस आजारी आहे का रे?"

"का?"

"ह्याची पापणी बघ. मिटून उघडेपर्यंत माझा चहा संपला."

"दादा, शांत माणसं अशीच असतात."

थोरला उठून जवळ आला. कोपऱ्यात बारीक आकडा होता, शून्य पूर्णांक पाच. "हे तर निम्म्या वेगावर आहे. फुटबॉलमध्ये गोल कसा झाला ते बघायला मी असंच करतो." आणि झटपट "नको नको, शप्पथ आहे" म्हणतोय तोवर त्याने आकड्यावर बोट ठेवलंसुद्धा.

मास्तर जे सुटले! तोंडातून लाह्या फुटाव्यात तसे शब्द, टोपी इकडची तिकडे, आणि डावा हात पट्ट्यांवरून असा पळाला की झटपटचा हात चौथ्या मोजणीलाच अडखळून पडला. त्याने पुन्हा धरायला बघितलं. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तर मधलं बोट ताठ होऊन वरच राहिलं.

थोरल्याने कप बशीत ठेवला. आपण काहीतरी मोडून ठेवलंय, असं त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. "येतो मी," म्हणून तो चपला घालून गेला.

झटपटने लेकीला फोन लावला. "मला फसवलंस! सख्ख्या बापाला! पाच महिने मी एका झोपाळू चित्राबरोबर शर्यत लावतोय आणि म्हणतोय जिंकलो!"

"बाबा, पहिल्या दिवशी पुऱ्या वेगावर दिलं असतं ना, तर तू पहिल्याच दिवशी त्या शिवलेल्या दोऱ्या तोडून घेतल्या असत्यास. तुला मी ओळखत नाही का?"

"मग नंतर सांगायचंस!"

"सांगणार होते. पण दर रविवारी तू फोनवर सांगायचास, आज मास्तरांच्या बरोबरीने झालं. इतका खूश असायचास. माझ्या तोंडून शब्दच फुटेना." आणि ती रडायला लागली. "मला भीती वाटली रे बाबा."

त्याने फोन ठेवून दिला. राग तर होताच, पण रागाच्या खाली जे होतं ते जास्त वाईट होतं. हात आलेला नाही. तो निम्माच आलाय. निम्म्या हाताचा न्हावी कोणाला हवाय?

बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती. म्हणाली, "एक विचारू? हा हात सकाळी होता तोच आहे ना?"

"तोच आहे. मग?"

"सकाळी तर तुम्ही ह्याच हाताने उद्या खुर्ची सांभाळणार होतात."

"तुला काय कळतंय त्यातलं!" तो खेकसला. पण जेवताना त्याने भाकरी डाव्या हाताने मोडली आणि बराच वेळ त्या हाताकडेच बघत राहिला.

सोमवारी साडेनऊला तो दुकानात गेला. मनाशी ठरवूनच गेला होता. "दादा, येऊ दे त्या माणसाला. मी गल्ल्यावर बसतो. तू पाच महिने थांबलास, तेच खूप झालं."

थोरल्याने त्याचं बोलणं ऐकून घेतलं, कोपऱ्यातलं पांढरं कापड ओढलं, आतल्या खुर्चीवर जाऊन बसला आणि कापड स्वतःच स्वतःच्या गळ्याभोवती बांधलं. "कर," तो म्हणाला.

तेव्हा कुठे झटपटने भावाचं डोकं नीट बघितलं. केस कॉलरच्या आत गेले होते. जन्मभर दोघं एकमेकांचे केस कापत आले होते, आणि हात कापल्यापासून थोरल्याने आपल्या डोक्याला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नव्हता.

"दादा, नको. वाकडं होईल."

"कर म्हणतो ना!"

त्याने पाणी मारलं, कंगवा फिरवला, आणि पहिली बट दोन बोटांत धरली. सुटली. पुन्हा धरली. पुन्हा सुटली. त्याच्या मानेवर घाम आला. मग त्याने श्वास घेतला आणि मनातल्या मनात मोजायला लागला, मास्तरांच्या त्या झोपाळू चालीने, एक, दोन, तीन, चार. तीनला बोटं मिटली. चारला कात्री. बट धरली गेली होती, सरळ, घट्ट. दुसरी धरली. तिसरी. पंचवीस वर्षांत ते दुकान एवढं गप्प कोणी बघितलं नव्हतं.

दहाला नवा कारागीर आला. बॅग मांडीवर घेऊन, दोन गिऱ्हाइकांच्या शेजारी बाकावर टेकला. तोही कामातला माणूस, नजर आपोआप कात्रीकडे गेली. सव्वादहा झाले, साडेदहा झाले, पावणेअकरा झाले. एक डोकं चालूच होतं. झटपटला त्याची नजर पाठीवर टोचत होती, आणि कान लाल झाले होते. पण मोजणी त्याने सोडली नाही. आता सोडली तर सगळंच सुटेल, एवढं त्याला कळत होतं.

अकराला पाच कमी असताना त्याने कापड सोडलं आणि मागे छोटा आरसा धरला. तो धरायला दोन्ही हात लागले. थोरल्याने मान डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, कानामागे बोट फिरवून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"डावा कल्ला वर गेलाय."

खरंच गेला होता. त्यालाही आत्ता दिसला. "हो," तो म्हणाला.

थोरला उठला, मानेवरचे केस झाडले आणि बाकाकडे वळला. नव्या कारागिराला दोन्ही हात जोडून म्हणाला, "तुम्हाला उगाच हेलपाटा पडला. माफ करा. खुर्ची रिकामी नाही." तो बिचारा हसला, बॅग उचलून दारापर्यंत गेला, आणि जाता जाता थोरल्याच्या मानेकडे बघून म्हणाला, "मागची रेघ सुरेख आलीय हो."

झटपट कापड हातात धरून तसाच उभा.

थोरला आपल्या खुर्चीकडे गेला, कात्री उचलली. "कल्ला पुढच्या महिन्यात नीट कर," तो म्हणाला. "आणि ते कापड झटक आता, माणसं बसलीयेत."