पलंगापासून दारापर्यंत

अर्धांगवायूने आईची डावी बाजू गेली, तेव्हा अकोल्यातल्या दुकानातून कमोडची खुर्ची भाड्याने आणली. ती घेऊन आलेला माणूस आधी स्वतःच तिच्यावर बसला, हातांवर भार देऊन उठला. पायांची रबरं अंगठ्याने दाबून पाहिली. मग खुर्ची पलंगाला खेटून, आईच्या उजव्या हाताशी लावली.

"समोर देवघर आहे," मी म्हणालो. "दाराजवळ ठेवू?"

"माह्या मायची खुर्ची मी अशीच दूर ठेवली होती. सहा पावलं. तेवढ्यातच पडली, मंग उठलीच नाही." तो खुर्चीकडेच बघत होता. "देव हलवा, भाऊ. मायले नका चालवू."

तो गेल्यावर आई म्हणाली, "देवासमोर नको रे." दोष तिच्यावर ढकलून मी सुटेन, पण मलाही तेच हवं होतं. खुर्ची दाराशी गेली.

तिसऱ्या सकाळी मी दूध आणायला गेलो असताना आई एकटीच उठली.

तेरवीनंतर तो खुर्ची न्यायला आला. ती दाराशी पाहून थबकला. पलंगाजवळ गेला आणि तिथून सावकाश चालत दारापर्यंत आला.

"तुमच्या इथं तं चारच होती," तो म्हणाला.