खिडकीत पालथा घातलेला कप

आईने चार घरची धुणीभांडी करून आम्हाला वाढवलं. त्या घरांत तिला चहा मिळायचा, पण वेगळ्या कपात. तो तिनेच विसळून खिडकीत पालथा घालायचा.

घरात कॉलेज केलेली मी पहिली. पहिली नोकरी लागली आणि ऑफिसातही मी माझा कप विसळून खिडकीत पालथा घालू लागले. कुणी सांगितलं नव्हतं, हातच तसा जायचा.

एके दिवशी चहावाल्या मावशी म्हणाल्या, “काय गं, स्वतःचाच कप वाळीत टाकलास?”

मी कप खिडकीत आणखी कोपऱ्यात सरकवला.

“ठेव ट्रेमध्ये. पगार घेते मी धुवायचा!”

त्या हसत निघून गेल्या. मी त्या एकट्या कपाकडे बघत राहिले. पदवी मिळाली, तरी मन परक्याच्या दाराबाहेरच उभं होतं. काम चोख करूनही साहेबांनी हाक मारली की वाटायचं, आता काढून टाकतील, मग आईने अजून किती घरं धरायची? माणूस स्वतःला इतकं खाली कधी बसवतो, त्याचं त्यालाही कळत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी कप ट्रेमध्ये ठेवू लागले. पुढे मी नोकरीत कायम झाले. माझ्या कामावर झाले, कुणाच्या दयेवर नाही.