पाठ करून घेतलेला वाटा

मधुकरला नागपूरच्या शाळेत जागा मिळाली आणि त्याने माझ्या हातावर पेढा ठेवला, त्या दिवशी मी "छान झालं" म्हणालो. ते खोटं होतं. त्याच जागेसाठी मीही अर्ज केला होता. चांद्याच्या शाळेत आम्ही दोघं मास्तर, सहा वर्षं एकाच बाकावर डबा खाल्ला, एकाच लोखंडी पेटीत दोघांची मिळून पुस्तकं जमवली, आणि आता तो जाणार होता. जाण्याआधी त्याला गावी आईला भेटायचं होतं. "तूही चल, तुला किती वर्षांपासून नेतो म्हणतोय," म्हणाला. मला नाही म्हणायला कारण सापडेना. घरी बसून कुढण्यापेक्षा फिरून ये, असं माझी बायको मालती हिनेही सुनावलं.

हे एकोणीसशे पन्नासच्या दशकातलं. आजच्या चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. महिना वैशाखाचा. तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर माझा सल्ला ऐका आणि हिवाळ्यात जा. आम्हाला शाळेच्या सुट्टीशिवाय सवड कुठली!

सकाळी चांदा फोर्टहून छोटी गाडी पकडली. तिकीट काही आण्यांचंच होतं, आणि त्या मानाने गाडी फार वेळ फिरवायची. केळझरच्या आसपास जंगल रुळांना इतकं चिकटून यायचं की खिडकीत कोपर ठेवायची सोय नाही. एका थांब्यावर द्रोणात पिवळी टेंभरं विकायला आली. आमच्याकडे त्याच झाडाच्या पानाची विडी सगळ्यांना ठाऊक, फळ मी पहिल्यांदाच खाल्लं. गोड, जरा तुरट, आणि बिया मोठ्या. मधुकर खिडकीबाहेर बिया थुंकत खुशीत बोलत होता. मी "हो, हो" करत होतो.

मूलला उतरून सर्व्हिस मोटार धरली. मोटारीत माणसं, कोंबड्या आणि तांदळाची पोती अशी सरमिसळ. माझ्या मांडीवर एका बाईंनी न विचारताच आपली टोपली ठेवली आणि वरून मलाच म्हणाल्या, नीट धरा. वैनगंगेवर तेव्हा पूल नव्हता. अर्धी नदी वाळूच होती. ती पायी तुडवायची, मग मधल्या धारेपुरतं डोंग्यात बसायचं, मग पुन्हा वाळू. चपला हातात घेतल्या तर तळवे भाजतात आणि पायात ठेवल्या तर वाळूत रुततात. मी दोन्ही करून पाहिलं. पलीकडे मधुकरच्या घरची बैलगाडी उभी होती. गाव गडचिरोलीच्या अलीकडे, भोवती धानाची बांधी आणि एक मोठा तलाव. गावाचं नाव मुद्दाम देत नाही.

गाडीत बसल्यापासून मधुकरची भाषा बदलली. शाळेत तो माझ्याशी छापील बोलायचा. इथे गाडीवानाशी मले-तुले करत मोठ्याने हसायला लागला. हा माणूस सहा वर्षं माझ्यासमोर जरा ताठच बसत आला होता, हे मला तेव्हा कळलं. त्याच्या आईने पाय धुवायला पाणी दिलं, भात आणि अंबाडीची भाजी वाढली, आणि मुलगा नागपूरला चालला हे ऐकून पदराने डोळे पुसले. मला म्हणाली, तुमीबी जाऊन राह्यले का? मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी तलावाची मासेमारी होती. वैशाखात पाणी आटलं की गावातली ढिवरांची घरं, म्हणजे मासेमारीवर जगणारी, एकाच सकाळी सगळी जाळी घेऊन उतरतात. एकट्याने आधी जाळं टाकायचं नाही, हा नियम. आम्ही पोचलो तेव्हा माणसं छातीभर पाण्यात ओळ धरून पुढे सरकत होती आणि बाया काठच्या चिखलात हाताने झिंगे वेचत होत्या. ऊन चढेपर्यंत पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मासळीचा मोठा ढीग पडला.

रामाजी नावाचे म्हातारे सगळ्यांत वडीलधारे. त्यांनी पळसाची पानं अंथरून सतरा वाटे घातले. जाळ्याला आलेल्या प्रत्येक घराचा वाटा, तापाने निजलेल्याचा वाटा, घरी पुरुषमाणूस नाही त्या सोनाबाईचा वाटा. पाळ बांधायला मधुकरच्या घरचे बैल लागले होते म्हणून त्यांचा एक, आणि पाहुणा म्हणून माझाही एक. एक हातभर लांब मरळ होती. ती कापली नाही, एका वाट्यावर तशीच ठेवली आणि त्यातली बारकी मासळी काढून बाकीच्यांत घातली. तरी सगळ्यांची नजर त्या मरळीवरच.

मग रामाजी माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमी पावणे. तुमाले इथी कोनी सगा नाई. तुमीच पाठ करून बसा."

पद्धत अशी होती. एकाने वाट्यांकडे पाठ करून बसायचं. रामाजी एका वाट्यावर काठी टेकवून विचारणार, हा कोणाचा? पाठमोऱ्याने मनात येईल ते नाव घ्यायचं. नाव घेतलं की वाट्यावर पान झाकायचं, आणि झाकलेलं पान घरी जाईपर्यंत कोणी उचलायचं नाही. मला नावं माहीत नव्हती म्हणून मी कागदावर सतरा नावं लिहून घेतली आणि तलावाकडे तोंड करून बसलो.

पाच-सहा नावं झाली. नंतर काठी टेकली आणि मागे बाया एकदम गप्प झाल्या. मला कळलं, मरळीचा वाटा. आणि मी मान वळवली. अगदी थोडी, घाम पुसल्यासारखी. काठी मरळीजवळच होती. मी स्वतःचं नाव घेतलं.

  रामाजींनी काठी खाली ठेवली, झाकलेली पानं काढली, आणि सतराच्या सतरा वाटे पुन्हा एका ढिगात ओतले. भर उन्हात सगळं पहिल्यापासून. माझे कान तापले. मी उठायला लागलो तर रामाजींनी खांद्यावर हात ठेवून मला तिथेच बसवलं. दुसऱ्या कोणाला बोलावलं नाही.

सोनाबाई पानं मांडता मांडता म्हणाली, "दुसऱ्याचा पाहून घेतला का आपला वाटा गोड लागत नाई, मास्तर. म्हनून तं पाठ करतो आमी."

या वेळी मी डोळे मिटूनच घेतले. हा कोणाचा, हा कोणाचा. मी कागद चुरगळून मुठीत धरला होता आणि पाठ झालेली नावं येतील तशी घेत होतो. एका वाट्याला मी मधुकरचं नाव घेतलं आणि मागे हशा पिकला. मरळ त्याच्या घरी गेली. पुन्हा त्याच्याच पदरात, आणि तेही माझ्या तोंडून.  खरं सांगतो, हलकं वाटलं.

परत येताना पाळीवर आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "नागपूरची जागा मला हवी होती. तू पेढा दिलास तेव्हापासून मी जळतोय."

"मले मालूम होतं," मधुकर म्हणाला. "तू पेढा तोंडात ठेवला, गिळला नाई. बाहेर जाऊन थुंकला."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? मलेबी तिथी जाचा भेव वाटून राह्यला. तुले सांगतलं असतं तं तू म्हनला असता, नको जाऊ. मी थांबलो असतो." थोडं चालून तो पुढे म्हणाला, "मंग जन्मभर मी तुह्यावर जळलो असतो."

माझ्याशी तो आपल्या बोलीत बोलला, तो हा पहिलाच प्रसंग. त्याच्या आईने मरळीचा रस्सा केला आणि सगळ्यात मोठा तुकडा मला वाढला. माझ्या वाट्याची बारकी मासळीही तिने तळली होती. कुरकुरीत झाली होती. मी दोन्हीवर यथेच्छ हात मारला.

तिसऱ्या दिवशी त्याच वाटेने परत. वाळू, डोंगा, मोटार, छोटी गाडी. आता तिथे पूल आहे, रूळही मोठे झालेत, तुम्हाला एवढा द्राविडी प्राणायाम पडणार नाही. तलाव मात्र पाहा, आणि मासेमारीच्या दिवशी गेलात तर कोणी पाठ करून बसायला सांगितल्यास नाही म्हणू नका.

त्या प्रवासातून मी काही साधुसंत होऊन आलो नाही. पुढेही पुष्कळदा दुसऱ्याच्या पानात डोकावलो. पण डोकावलो की मान वळल्याचं कळू लागलं, आणि जळतोय हे ज्याच्यावर जळतोय त्याला सांगून टाकायची सवय लागली. मधुकरशी मैत्री टिकली ती त्यावरच.

आठ दिवसांनी मधुकर आमच्या घरी आला. पुस्तकांची पेटी वाटायची राहिली होती. त्यात एक जाडजूड शब्दकोश होता. तो दोघांनाही हवा होता आणि त्यापायी महिनाभर पेटीचा विषय कोणी काढला नव्हता. मालतीने पुस्तकांचे दोन ढीग लावले. मी भिंतीकडे तोंड करून बसलो. तिने एका ढिगावर लाटणं टेकवून विचारलं, हा कोणाचा?

"मधुकरचा," मी म्हणालो.

मागून वर्तमानपत्र झाकल्याचा आवाज आला. मधुकर मोठ्याने हसला, त्यावरून मला कळलं की शब्दकोश त्याच्याकडे गेला. मग त्याने माझ्या हातावर पेढा ठेवला आणि समोर बसून बघत राहिला. मी तो चावून, गिळून, वर पाणी प्यायलो.