साहेबांच्या नकाशात नसलेली अकरा घरं

भूत, भानामती, करणी यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी भूगोलाचा मास्तर. वर्गात कुणी चकव्याची गोष्ट काढली, की त्याला फळ्यापाशी बोलावून मी चार दिशा काढायला लावायचो. आजही माझं मत फारसं बदललेलं नाही. फक्त एक गोष्ट अशी आहे, की ती मला कुठल्याच दिशेला बसवता येत नाही... म्हणून हे लिहितो आहे.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका. मी अनसिंगच्या शाळेत होतो. पौष महिन्यात विलायतेहून एक प्रोफेसर आपले एम.ए.चे विद्यार्थी घेऊन वाशीमला आले. परक्या मुलखातलं एखादं गाव निवडायचं, तिथली जमीन, पाणी, पिकं, घरं पाहून नकाशा करायचा आणि त्यावर प्रबंध लिहायचा, असा त्यांचा अभ्यास. त्यांना इंग्रजी जाणणारा स्थानिक माणूस हवा होता. तहसीलदारांनी माझं नाव सुचवलं. मला केवढा आनंद झाला होता! पुस्तकातला भूगोल प्रत्यक्ष करणारी माणसं मी पहिल्यांदाच बघणार होतो.

गाव मीच सुचवलं. अनसिंगपासून तीनेक मैलांवरची माळ्यांची वाडी. माझी थोरली बहीण, आक्का, तिथं दिलेली. नाल्याच्या अलीकडे वीस घरं, पलीकडे अकरा. कांदा, वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवायची आणि डोक्यावर टोपली घेऊन बाजार गाठायचा, असं तिथलं जगणं. आक्काचं घर नाल्यापलीकडे, विहिरीला लागून.

या वाडीचं काम हॅलम नावाच्या विद्यार्थ्याकडे आणि मिस वेल्बी नावाच्या विद्यार्थिनीकडे आलं. हॅलम लाल केसांचा, लाजाळू, कामात अतिशय काटेकोर. तिपाईवर लाकडी पाट, पाटावर कागद, आणि पितळी पट्टीतून नेम धरून एकेक घर, झाड, विहीर कागदावर उतरवायची. मी शेजारी उभा राहून अधाशासारखा बघायचो.

दोन दिवसांनी हॅलमनं कागद दाखवला. अलीकडची वीसही घरं अचूक होती. नाल्यापलीकडे मात्र विहीर, आणि तिच्याभोवती बाभळी. बस्स.

मी म्हटलं, पलीकडची घरं राहिली. तो माझ्याकडे बघत राहिला. मग मान हलवून म्हणाला, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी मी त्याला हाताला धरल्यासारखं नाल्यापलीकडे नेलं. आक्काच्या अंगणात खाटेवर बसवलं. तिनं त्याच्या हातात गरम भाकर दिली, वर ठेचा. तो मुकाट्यानं जेवला. आक्काची नऊ वर्षांची मुलगी सुभी त्याच्या केसांकडे बघून खुदुखुदु हसत होती... त्यानं एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. गोरा माणूस, बुजला असेल, असं मला वाटलं.

संध्याकाळी कागद तसाच. प्रोफेसर चिडले आणि त्यांनी मिस वेल्बीला वेगळा कागद देऊन पुन्हा मोजणी करायला लावली. तिच्याही कागदावर नाल्यापलीकडे बाभळीच. दोघांनी एकमेकांची नक्कल केली असं प्रोफेसरांचं म्हणणं पडलं. ते स्वतः काही नाला ओलांडून गेले नाहीत. शेवटी त्यांच्या सांगण्यावरून मीच पेन्सिलीनं अकरा चौकोन काढून दिले, आणि मंडळी आठवड्याभरात निघून गेली. मी मनात म्हटलं, मोठ्या विद्यापीठातलीही पोरं शेवटी पोरंच.

वैशाखात हॅलमचं पत्र आलं. सोबत शाईनं पक्का केलेला नकाशा. माझे अकरा चौकोन त्यानं खोडून टाकले होते. त्यानं लिहिलेलं मी मराठीत देतो, शब्द थोडे इकडेतिकडे होतील:

'मास्तर, मी जे पाहिलं तेवढंच काढू शकतो. नाल्यापलीकडे मला एकही घर दिसलं नाही. तुम्ही इतक्या आपुलकीनं बोलत होतात, की मला ऊन लागलं असावं असं समजून मी गप्प बसलो. तुम्ही बस म्हणालात तिथं बसलो. हातात भाकर आली, ती खाल्ली. कुणी दिली ते मला दिसलं नाही. बोटीवर मिस वेल्बीनं कबूल केलं, की तिलाही तिथं फक्त झाडं दिसत होती. मी कुणाच्या घरी जेवलो, ते मला कळवाल का?'

भर दुपारी, शाळेच्या ओसरीवर मी हे पत्र वाचलं. मी तसाच उठून वाडीला गेलो.

आक्का मळ्यात कांदा काढत होती. तिला तेवढं मी सगळं खरं सांगितलं आणि म्हटलं, चार महिने माझ्याकडे राहायला चला. तिनं ऐकून घेतलं, हातातला कांदा झटकला आणि शांतपणे म्हणाली, "बापू, कागदावर नाई म्हून मी घर सोडू? हा कांदा कोन काढन मंग?"

तिनंच मला बजावलं, की यांना यातलं काही सांगू नको, उगाच घोर लागेल. म्हणून दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, मी फक्त आगीचं भय घातलं. कुडाच्या भिंती, गवताची छपरं, वैशाखाचा वारा. घरं नाहीशी व्हायची तर आगीनंच होतील, असं मलाही वाटत होतं. दाजींनी ते मनावर घेतलं. अकराही घरांनी दारात रांजण पुरले आणि ते दिवसरात्र काठोकाठ भरून ठेवायला लागले. पाणी अर्थातच त्या एका विहिरीचं.

सुभीला मात्र मी सोबत आणलं. शाळेत बसवतो म्हणालो. ती खरंच बसली. दीड महिन्यात अक्षरं ओळखायला लागली. माझ्या बायकोनं तिला नवं परकर-पोलकं शिवलं होतं.

आषाढात दाजी तिला न्यायला आले. पाऊस चांगला झाला होता, आग लागायचे दिवस सरले होते. ओसरीवर पाणी पिऊन ते म्हणाले, "पोरीले घेऊन जातो, मास्तर. रोपं लावाची हायेत, तिची माय एकटीच करून राह्यली."

मी म्हटलं, राहू द्या अजून थोडे दिवस.

"काहून? काई कारन हाय का?"

सुभी बोचकं घेऊन दारात उभी होती. आईकडे जायचं म्हणून खुशीत होती. मी दाजींकडे बघितलं आणि म्हटलं, "नाही... कारण काही नाही."

आठ-दहा दिवसांत वाडीत पटकी, म्हणजे कॉलरा, आली. नाल्याचं गढूळ पाणी पलीकडच्या विहिरीत उतरलं होतं. त्या अकरा घरांतच ती शिरली. अलीकडची विहीर वेगळी, तिथं कुणाला काही झालं नाही. मी पोचलो तेव्हा सुभी गेलेली होती. आक्का शुद्धीवर होती, पण तिनं मला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तीही गेली. डॉक्टर आले, विहिरीत औषध टाकलं गेलं, पण तोवर टाकून उपयोग कुणाला? दाजी आणि आणखी चारपाच माणसं जगली. ती काही तिथं पुन्हा राहिली नाहीत. लोकांनी लाकूडफाटा काढून नेला. दोन पावसाळ्यांत कुडाच्या भिंती खचल्या आणि विहिरीभोवती बाभळी माजल्या.

हॅलमला मी लिहिलं, की तू माझ्या बहिणीच्या घरी जेवलास. त्याचं उत्तर आलं नाही. मग युद्ध सुरू झालं.

या गोष्टीचा मी मास्तरासारखाच विचार केला आहे. एक विहीर, अकरा घरं, गढूळ पाणी — माणसं का मेली ते मी कुठल्याही वर्गाला समजावून देईन. पण पौषात, सगळी धडधाकट असताना, त्या दोघांना ती का दिसली नाहीत? आणि दिसणार नव्हतीच, तर ते पत्र माझ्यापर्यंत कशाला यावं... मला त्यातून आगच दिसावी? पुष्कळ शिकलेल्या माणसांना विचारलं. कुणी ऊन म्हणालं, कुणी योगायोग म्हणालं.

दाजी पुढं मंगरूळपीरला भावाकडे राहिले. म्हातारपणी त्यांची माझी भेट व्हायची. पत्राचं मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्या दिवशी ओसरीवर त्यांनी माझ्याकडे कारण मागितलं होतं. तेवढं एक मला देता आलं असतं, तर पोर वाचली असती. दाजींना पटेल असं कारण इतकी वर्षं शोधतो आहे. अजून सापडलेलं नाही.