पाटी नसलेलं घर

माझा जन्म नगरकडच्या एका कॅथलिक शेतकरी घरातला. विशीत धर्मभगिनी व्हायला माळव्यात आले आणि इथलीच झाले. आमच्या संघात मराठी बोलणारी मी एकटी. बाकीच्या केरळच्या, झारखंडच्या, थोड्या इथल्याच आदिवासी गावांतल्या. आपसात आम्ही हिंदी बोलतो. मनातली प्रार्थना मात्र जिची तिच्या भाषेत होते. देवासमध्ये मराठी कुटुंबं पुष्कळ. आमच्या संघाच्या शाळेच्या ऑफिसात आलेले पालक, "अरे, सिस्टर तुम्ही मराठी?" म्हणत खुर्ची पुढे ओढायचे आणि मग अर्धं मराठी, अर्धं हिंदी असं बोलणं रंगायचं.

त्या शाळेची मी मुख्याध्यापिका होते. शाळा नावाजलेली होती, आणि ते मला आवडत होतं. देवासच्या घराशिवाय आमच्या सिस्टरांचं दुसरं घर उदयनगरच्या पुढे जंगलपट्टीत होतं. तिथे एक छोटा दवाखाना होता. तो चालवणाऱ्या सिस्टर केरळच्या, शिकलेल्या नर्स, ऐंशीच्या जवळ आलेल्या. त्यांना आम्ही सगळ्या अम्मा म्हणायचो. त्यांच्या मदतीला एक तरुण सिस्टर होती, धार जिल्ह्यातल्या भिल्ल गावातली. तिची अंतिम व्रतं, म्हणजे जन्मभर सिस्टर राहण्याची शपथ, अजून व्हायची होती.

एका उन्हाळ्यात आमच्या प्रांताच्या प्रमुख सिस्टर देवासला आल्या. संघात नव्या मुली येणं जवळजवळ थांबलं होतं, जुन्या थकत चालल्या होत्या. सगळी कामं पूर्वीसारखी ओढणं शक्य नव्हतं. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे वरून सांगण्यापेक्षा प्रत्येक घराने मिळून शोधावं, असं ठरलं होतं. आमच्यात त्याला डिसर्नमेंट म्हणतात. देवाची आपल्याकडून काय अपेक्षा आहे हे एकत्र बसून, एकमेकींचं ऐकत शोधायचं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात आम्ही बायका एका छपराखाली वर्षानुवर्षं राहूनही एकमेकींचं पूर्ण वाक्य ऐकून घेत नाही, हे पहिल्याच सकाळी लक्षात आलं.

जंगलातल्या घरातून अम्मा आणि तरुण सिस्टरही आल्या होत्या. सुट्टी असल्यामुळे शाळा रिकामी होती. चॅपेलमधला पंखा फार खडखडायचा, म्हणून आम्ही बालवाडीच्या वर्गात बसलो. भिंतीवर आंबा, बदक, छत्री अशी चित्रं. प्रमुख सिस्टरांनी नियम सांगितले. आधी मौन. मग प्रत्येकीने एकदाच बोलायचं. मध्ये कुणी बोलायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. "आपण असं केलं पाहिजे" हे वाक्य वापरायचं नाही. "माझ्या मनात असं येतंय" एवढंच म्हणायचं. सगळ्यांचं झालं की पुन्हा मौन, आणि दुसऱ्या फेरीत फक्त दुसरीच्या बोलण्यातलं आपल्याला काय लागलं तेवढं सांगायचं. मतदान नाही.

पहिल्या फेरीत काही अवघड झालं नाही. दवाखान्यात आता रुग्ण येत नव्हते, कारण जवळच सरकारी आरोग्यकेंद्र झालं होतं. तो बंद करावा, जंगलातलं घर मिटवावं आणि सगळ्यांनी देवासला येऊन शाळेला बळ द्यावं, असं जवळजवळ सगळ्यांच्याच मनात येत होतं. माझ्याही. अम्मा म्हणाल्या, "मी उद्या बोलेन." त्यांना वाईट वाटत असणार असं आम्ही धरून चाललो, आणि दुपारच्या जेवणात त्यांच्या पानात कुणीतरी जास्तीचं लोणचं वाढलं.

दुसऱ्या दिवशी तरुण सिस्टर बोलली. ती एरवी फार हळू बोलायची. त्या दिवशीही हळूच, पण न थांबता बोलली.

"मी लहान असताना आमच्या गावात जीपमधून सिस्टर यायच्या. औषधं द्यायच्या, गोड बोलायच्या, संध्याकाळच्या आत निघून जायच्या. माझी आई एकदा म्हणाली, या बाया चांगल्या आहेत, पण या राहतात कुठे? मी मोठी होऊन सिस्टर झाले तेव्हा मला कळलं, आपण भिंतीच्या आत राहतो. लोक आपल्याकडे येतात तेव्हा काहीतरी मागायला येतात. आपणही त्यांच्याकडे जातो ते काहीतरी द्यायला. आपण कुणाचे शेजारी नाही."

उत्तर द्यायचं नाही हा नियम नसता तर मी नक्कीच दिलं असतं. माझ्याकडे उत्तर तयार होतं.

मग अम्मा बोलल्या. "दवाखाना बंद करा. माझ्यासाठी चालू ठेवू नका. तिथे आता कुणी औषधाला येत नाही हे मला केव्हाच कळलंय. तरी मी रोज सकाळी दार उघडते, कारण दार उघडलं नाही तर दिवसभर काय करायचं ते मला माहीत नाही." "पण बायका येतात. बसतात. सुनेचं सांगतात, गुडघ्याचं सांगतात, उठून जातात. औषध संपलं, तरी येणं संपलं नाही. मला हे काय आहे ते समजत नाही. तुम्ही सगळ्या मिळून समजून घ्या."

त्या दुपारी फेऱ्यांचा क्रम मोडला. झारखंडच्या एका सिस्टरला राग आवरला नाही. "शाळा आहे म्हणून आपली घरं चालतात, आणि आपण इथे शेजारधर्मावर बोलतोय!" केरळच्या दुसरीने तिला नियमाची आठवण करून दिली, त्यावर ती आणखी चिडली. प्रमुख सिस्टरांनी मध्ये न पडता सगळ्यांना चहाला उठवलं.

व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. सरळच विचारलं, "हे सगळं वर आधीच ठरलंय का? तसं असेल तर सांगून टाका."

त्या कपातला चहा फुंकत म्हणाल्या, "ठरलं असतं तर मी भर मे महिन्यात बसने आले असते का? फोन केला असता."

"मग तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, तू कालपासून भांडणाची तयारी करते आहेस. प्रार्थना कधी करणार?"

बोलणं लागलं. पण खोटं नव्हतं. संध्याकाळी चॅपेलमध्ये बसले तेव्हा लक्षात आलं की शाळेच्या बाजूने मी जे मुद्दे जमवत होते त्यांत मुलं फार थोडी होती. मी पुष्कळ होते.

शेवटच्या दिवशी हळूहळू एक रूप दिसू लागलं. ते कुणा एकीचं नव्हतं. दवाखाना बंद व्हावा. शाळा चालू राहावी, पण ती मुख्याध्यापिका म्हणून सिस्टरनेच चालवायला हवी असं नाही. आणि कुठल्यातरी वस्तीत साधं भाड्याचं घर घेऊन तिघींनी नुसतं राहावं. संस्था नको, पाटी नको. तरुण सिस्टरने धरमपुरीचं नाव सुचवलं. नर्मदेकाठचं गाव, आसपास शेती, तिच्या माहेरापासून फार दूर नाही. ती आणि अम्मा जाणार हे उघड होतं. तिसरी कोण, यावर सगळ्या गप्प राहिल्या. त्या शांततेत माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं, यावरून मला ते कळलं.

प्रमुख सिस्टरांनी विचारलं, "तुला शांत वाटतंय का?"

"नाही," मी म्हटलं. "पण विरोधही उरला नाही."

"तेवढं पुरे," त्या म्हणाल्या.

शाळा सोपवायची ती आमच्या उपमुख्याध्यापिकेकडे. देवासच्या जुन्या मराठी घराण्यातली सून, गणित उत्तम शिकवायची. तिला सांगितलं तर ती खुर्चीत बसलीच.

"सिस्टर, मजाक करताय का तुम्ही? घरी सासूबाई, इथे अख्खा स्टाफ. मला तर आत्ताच टेन्शन आलं. पालक म्हणतील, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरच नाही तर कसलं कॉन्व्हेंट?"

"म्हणू देत. वर्षभरात विसरतील."

"तुम्हाला वाईट नाही वाटणार?"

"वाटेल," मी म्हटलं. तिला ते उत्तर पटलं असावं, कारण तिने लगेच वेळापत्रकाबद्दल विचारायला सुरुवात केली.

तिच्या सासूबाईंनी मला घरी बोलावून घेतलं. त्यांच्या घराण्याचा जुन्या दरबाराशी संबंध होता आणि त्यांच्या मराठीत अजून तो काळ शाबूत होता. "आपण आमच्या सूनबाईंवर केवढा भार टाकीत आहात, सिस्टरबाई. तिच्याने तो निभावेल ना?" मी म्हटलं, निभावेल. "मग आमची ना नाही. स्वयंपाकाचं आम्ही पाहू." आणि त्यांनी खरंच पाहिलं, असं पुढे सून सांगायची.

धरमपुरीत घर मिळायला वेळ लागला. बाया एकट्या, त्यातून ख्रिस्ती. एका निवृत्त पटवाऱ्याच्या घराचा मागचा भाग रिकामा होता. त्याने ओसरीत बसवून हिंदीत विचारलं, "बोर्ड लावणार का?"

"नाही."

"शाळा? दवाखाना?"

"नाही."

"लोकांचा धर्म बदलायला आलात का? आत्ताच सांगा. मला पोलीस दारात नकोत."

"नाही," अम्मा म्हणाल्या. "राहायला आलो आहोत."

"नुसतं राहायला?" त्याचा विश्वास बसला नाही, पण अम्मांच्या वयाकडे पाहून त्याने किल्ली दिली.

पहिले कित्येक महिने अवघड गेले. शेजारच्या बायका नमस्काराला नमस्कार करत, पण ओट्यावर टेकत नसत. दोन माणसं येऊन आमची नावं, गावं विचारून गेली. आम्ही आधार कार्डं दाखवली आणि चहा पुढे केला. त्यांनी चहा घेतला नाही. मला सकाळी उठून करायला काही नसे. घंटा नाही, परिपाठ नाही, सहीसाठी कुणी थांबलेलं नाही. मी दळण टाकायला जायची, भाजी आणायची, नदीपर्यंत जाऊन यायची. घाटावर नावेची वाट पाहणारी माणसं बसलेली असत, मीही बसायची. मुख्याध्यापिका असताना एखाद्या दिवशी इतका वेळ कुणाशी न बोलता गेला असता तर मी आजारी पडले असते.

बदल झाला तो एका बाळंतपणाने. समोरच्या घरातल्या सुनेला कळा सुरू झाल्या. नवरा बाहेरगावी, सासू घाबरलेली. अम्मा नर्स आहेत हे एव्हाना कळलं होतं, म्हणून सासू धावत आली. "अम्मा, तुम्हीच करा घरी."

अम्मांनी तिला तपासलं आणि ठामपणे नाही म्हटलं. "मूल आडवं आहे. इथे नाही. गाडी बोलवा." ॲम्ब्युलन्स आली तेव्हा सासू आत चढायला तयार होईना; मोठ्या इस्पितळात कुणी काय बोलतं ते तिला समजत नाही म्हणाली. अम्मा चढल्या, मागोमाग मीही. धारला पोचेपर्यंत अम्मांनी त्या मुलीचा हात सोडला नाही. तिथे मी खिडकीशी उभी राहिले, केसपेपर काढला, डॉक्टर काय म्हणाले ते सासूला फोनवर दोनदा समजावून सांगितलं. ऑपरेशन झालं. मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या.

आम्ही विशेष काही केलं नव्हतं. पण त्यानंतर बायका येऊ लागल्या. औषधाला नाही, शिकवणीलाही नाही. कुणाला बँकेत एकटीने जायची भीती वाटायची, कुणाला तहसीलच्या ऑफिसात, कुणाला आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं असायचं. "दीदी, साथ चलोगी?" एवढंच विचारत. आम्ही जायचो. रांगेत उभ्या राहायचो. साहेब जेवायला गेले असले तर बाहेर बाकावर बसायचो. आमच्यातली तिसरी, ती तरुण सिस्टर, यात सगळ्यांत तरबेज होती. भिल्ली बोलायची, हसायची. बायका तिच्यापाशी मोकळ्या होत.

म्हणून वर्षाअखेर तिने जे सांगितलं ते मला अपेक्षित नव्हतं. आम्ही तिघी दर महिन्याला त्याच पद्धतीने बसायचो, मौन आणि मग एकेक. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "माझ्या मनात असं येतंय की मी अंतिम व्रतं घेऊ नयेत. मला माझ्या गावात राहायचंय. सिस्टर म्हणून नाही. तिथली म्हणून."

मला वाटलं, हिच्या आयुष्यात कुणीतरी आहे. मग वाटलं, आमचं काही चुकलं. उत्तर द्यायचं नाही हा नियम त्या दिवशी मला पुन्हा जड गेला. अम्मांनी डोळे मिटले होते. दुसऱ्या फेरीत त्या म्हणाल्या, "हिच्या बोलण्यात मला भीती ऐकू आली नाही. बालवाडीच्या वर्गात बोलली होती तेव्हाही नव्हती." जिच्या शब्दावर आम्ही घरदार हलवलं, तिचं तेच ऐकणं तिला आमच्याबाहेर घेऊन चाललं होतं. ते खरं मानायचं आणि हे नाही, असं करता येत नव्हतं.

गहू कापणीला आला होता तेव्हा ती गेली. मी बसस्टँडपर्यंत गेले. ती साध्या फुलाफुलांच्या साडीत होती आणि पदर सारखा सावरत होती.

"रागावलात?" तिने विचारलं.

"थोडी."

"अम्मा?"

"त्या नाही. त्यांनी तुला गुळाची ढेप दिली आहे, पिशवीत खाली आहे. फोडून ठेव, मुंग्या लागतील."

ती रडली नाही. बस निघाली तशी खिडकीतून हात केला आणि शेजारच्या बाईशी बोलायला लागली.

आता आम्ही दोघी आहोत. अम्मांना पायऱ्या उतरता येत नाहीत, त्यामुळे सोबत जायचं काम माझ्यावर आलं आहे. आमच्यातून गेलेली ती तिसरी आता तिच्या गावाकडच्या आरोग्यकेंद्रात काम करते, असं तिची आई सांगते. मधून मधून फोन येतो, बहुतेक अम्मांना. गेल्या वर्षी शाळेच्या बक्षीस समारंभाला मला बोलावलं होतं. मी दुसऱ्या रांगेत बसले. शाळा व्यवस्थित चालली आहे, परिपाठ पूर्वीपेक्षा आटोपशीर झाला आहे. येताना नव्या मुख्याध्यापिका गाडीपर्यंत आल्या आणि दहावीच्या एका मुलाबद्दल माझा सल्ला विचारला. मी दिला. त्यांनी तो बहुधा मानला नसावा, आणि मुलगा पास झाला.

प्रमुख सिस्टर येत्या उन्हाळ्यात पुन्हा येणार आहेत. धरमपुरीचं घर ठेवायचं की नाही, यावर बसायचं आहे. संघात माणसं आणखी कमी झाली आहेत. मला इथे राहावंसं वाटतं, पण ते मी पहिल्या फेरीत सांगेन. तोवर मुद्द्यांची जुळवाजुळव करायची नाही असं ठरवलं आहे. अजून तरी जमतंय.