हातातलं काम संपू दे

आमच्या कोराडीच्या भाऊंइतक्या हळुवारपणे वस्तू बंद करणारा माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा नसेल. ऑफिसातला कूलर बंद करायचा तर आधी पंप, मग वाळा निथळेपर्यंत नुसता पंखा, मग पंखाही एकेक आकडा खाली. फोन ठेवताना "ठेवू काय?" असं तीनदा विचारायचे, तेवढ्यात पलीकडच्याला नवा विषय सुचायचा. वडील वीजकेंद्रात कामाला होते, त्यांचं वाक्य भाऊंच्या तोंडी कायम असे: "टर्बाइन बंद केल्यावरही हळूहळू फिरवत ठेवावं लागते गा. गरम असतानी एकदम थांबलं का दांडा वाकते."

आमचं काम प्रयोगशाळांचे रिपोर्ट पेशंटच्या मोबाइलवर पाठवायचं. ते करणारा प्रोग्रॅम भाऊंनी लिहिलेला, सर्व्हरवर पडद्याआड वर्षानुवर्षं चाललेला. असा प्रोग्रॅम थांबवायचे दोन मार्ग: 'आटप आता' असं सांगायचं, नाहीतर सरळ नरडं दाबायचं. मी दुसऱ्या पंथाचा. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी नरडं दाबलं आणि कळमेश्वरच्या एका आजोबांना साखरेचा अर्धाच रिपोर्ट गेला. नाव होतं, साखर नव्हती. भाऊ ओरडले नाहीत. "नवीन काम घेऊ नको म्हना त्याले. हातातलं संपू दे. मग जाते तो आपल्या पायानं."

यंदा कंपनीनं बाहेरून तयार यंत्रणा घेतली. जुना प्रोग्रॅम शुक्रवारी पाचला बंद, आणि त्याच्यासोबत भाऊही. साहेबांनी हे त्यांना शुक्रवारीच सकाळी सांगितलं. भाऊ एवढंच म्हणाले, "मीच बंद करतो त्याले."

पाचला भाऊंचं लॉगिन काढायचं काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी घाई नको म्हणून मी शहाण्यानं ते चारलाच काढलं.

भाऊ माझ्या टेबलाशी आले. "पासवर्ड घेऊन नाही राहिला गा."

मी घड्याळाकडे पाहिलं.

"तू काढलं?"

"हो, भाऊ."

"मधातच?"

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. लॉगिन परत द्यायला साहेबांची परवानगी लागायची आणि साहेब निघून गेलेले. मी माझी खुर्ची दिली; ते बसले नाहीत. मागे उभं राहून सांगत गेले, मी टाइप करत गेलो. नवं काम घेणं थांबवलं. एकोणीस रिपोर्ट बाकी होते, मग बारा, मग चार. शेवटचा रामटेकच्या एका बाईंचा. त्यांचा मोबाइल बंद, रिपोर्ट पोचेना. पाच वाजून गेले.

"राहू द्या ना भाऊ, एकच तर आहे."

"त्या बाईले तो एकच हाय गा."

साडेपाचला पोचला. "आता सांग त्याले," भाऊ म्हणाले. मी सांगितलं. भाऊंनीच कधीकाळी लिहून ठेवलेली ओळ स्क्रीनवर उमटली: काही बाकी नाही. भाऊंनी कूलर बंद केला, त्यांच्या पद्धतीनं, आणि डबा घेऊन निघाले.

सोमवारी पाहतो तर समोरच्या चहाटपरीवर भाऊ. कोराडीहून नेहमीच्याच बसनं आलेले. मंगळवारीही तेच. बुधवारी मी विचारलं, "काहून येता भाऊ रोज?"

"थंड होऊन राहिलो गा."

पुढच्या आठवड्यात ते दुपारपर्यंतच बसले, मग एक दिवसाआड आले. आता येत नाहीत. कूलर मी बंद करतो. आधी पंप. मग पंखा फिरत राहतो, आणि मी बॅग खांद्याला लावून दाराशी उभा असतो.