खारवलेल्या रानातला जीव

माघातल्या सकाळी आमच्या खालच्या रानावर ऊन उतरलं, की जमिनीला फुटलेला मिठाचा पांढुरका थर असा चमके, की नवख्याला वाटावं रात्री इथे दव गोठलं असावं. वास मात्र ओला, शिळा, कडवट. मुळा नदीच्या कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, आणि वर्षानुवर्षं पाजलेल्या पाण्याबरोबर मातीच्या पोटातले क्षार वर आले. पुढे तिथे गवताचं पातंही रुजलं नाही. तरीही आप्पा, माझे वडील, रोज त्या बांधापर्यंत जाऊन येत. आजारी माणसाच्या उशाशी बसून यावं तसे.

मी तालुक्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. माझ्या ओळखीनेच पुण्याच्या एक संशोधिका ते रान पाहायला आल्या. डबक्याकाठची गुलाबीसर साय त्यांनी चिमट्याने उचलली आणि त्यांचा चेहरा उजळला. इतक्या खारट चिखलात सुखाने नांदणारे हे एकपेशीय जीव; मंगळाच्या मातीतही क्षार आहेत, तिथे कधीकाळी जीवन असलंच, तर ते कदाचित असंच असेल, असं त्या सांगत राहिल्या. आप्पा टोपी सारखी करत ऐकत होते.

"म्हंजे हे रान मेलेलं न्हाई?"

"छे हो काका, फार जिवंत आहे."

"मग ह्यात गहू कवा यील?"

त्या संकोचून हसल्या. "तो माझा विषय नाही, काका."

त्याच उन्हाळ्यात आसपासच्या शेतकऱ्यांनी मिळून ओढ्यापर्यंत चर खोदायचं ठरवलं. तुंबलेलं पाणी निघालं, की पावसाने क्षारही हळूहळू धुऊन जातील, ही आशा. तेव्हा पुण्याच्या त्या बाईंचा फोन आला. पाणी उतरलं तर हे जीव नाहीसे होतील, एवढं वर्ष थांबा, पावसाळ्यानंतर आम्ही येतोच. शेजारच्या भाऊसाहेबांनी परोपरीने सांगून पाहिलं, "आप्पा, मशीन आलंय तवर उरकून घ्या. पुन्हा कोन येतंय?"

पण ज्या तुकड्याची इतकी वर्षं लाज वाटली, त्याच्याकडे प्रथमच कुणी कौतुकाने पाहिलं होतं. "बाईला शबूद दिलाय," आप्पा म्हणाले. चर आमचं रान वगळून पुढे गेला.

पाऊस सरला, दिवाळी सरली, आणि एके दुपारी बाईंचा निरोप मोबाईलवर उमटला: समुद्राकाठच्या मिठागरांत अधिक चांगले नमुने मिळाले आहेत, आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत. मी तो वाचून दाखवला. आप्पा म्हणाले, "बरं झालं त्यांचं," आणि शेळीला पाणी दाखवायला उठले.

दुसऱ्या वर्षी भाऊसाहेबांच्या रानात गहू उगवला. विरळ, पण उगवला. आता उभ्या पिकातून आमच्यासाठी चर काढू द्यायला ते तयार नाहीत, आणि त्यांचं चुकतं असंही म्हणवत नाही.

परवा संध्याकाळी बातम्यांत मंगळावरचं यंत्र दाखवत होते; तांबूस, निर्जन माती उकरत जीवाची खूण शोधणारं. आप्पा बराच वेळ पाहत राहिले.

"तिथं गावलाच एखादा जीव," ते म्हणाले, "तर त्याला म्हनावं, गप पडून ऱ्हा."

मी हसले, ते हसले नाहीत. कुतूहल ही प्रेमाचीच एक जात असते, असं धरून मी इतकी वर्षं वर्गात उभी राहिले. आता शिकवताना 'कुतूहल' या शब्दापाशी आले, की माझा आवाज थोडा खाली येतो.